आहेराची नोट अभंग राहावी : हौस, परंपरा आणि नियम

मुंबई : लग्नसराई सुरू झाली की आहेराच्या पाकिटांबरोबरच नोटांच्या कलाकुसरीचाही बाजार फुलतो. नवरदेवाच्या गळ्यातील नोटांचा हार, वाढदिवसाला दिला जाणारा नोटांचा पुष्पगुच्छ, रुखवतात मांडलेला नोटांचा मोर किंवा पालखी, बारशाच्या पाळण्याला बांधलेल्या नोटांच्या झालरी, असे अनेक प्रकार आज गावोगावी दिसतात. नुसते पाकीट हातात ठेवण्यापेक्षा त्यात थोडी कल्पकता असावी, ही भावना स्वाभाविक आहे. मात्र समारंभ आटोपल्यावर हार सोडविताना नोटा फाटतात, डिंकाने एकमेकींना चिकटतात, त्यांवर शुभेच्छांची शाई उतरलेली असते आणि प्रेमाने दिलेल्या रकमेचा काही भाग बँकेच्या काउंटरवर वादाचा विषय होतो. मोठ्या रकमेच्या बाबतीत आयकराचाही प्रश्न उभा राहतो. देणाऱ्याची हौस आणि घेणाऱ्याचा लाभ, दोन्ही साधावयाचे असतील तर काही गोष्टी आधीच माहीत असणे हिताचे आहे.

एक परंपरा, अनेक नावे

रोख रक्कम भेट देण्याची चाल भारताच्या जवळजवळ सर्व प्रांतांत आहे. महाराष्ट्रात ती आहेर, ओवाळणी आणि मुंजीतील भिक्षावळ या रूपांनी आढळते. गुजरातेत तिला चांदलो म्हणतात, पंजाबात शगुन. केरळमध्ये विषूच्या सकाळी घरातील वडीलधारी मंडळी लहानांच्या हातावर नाणी ठेवतात. त्या भेटीला विषुक्कैनीट्टम असे नाव आहे. ईदच्या दिवशी मुलांना मिळणारी ईदी याच जातीची.

या भेटीमागे केवळ कौतुक नसते, परस्परांना आधार देण्याची व्यवस्थाही असते. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै व तंजावूर भागात मोय विरुंदु या नावाची भोजने होतात. यजमान गावाला जेवू घालतो, पाहुणे रक्कम देतात आणि प्रत्येकाचे नाव व आकडा वहीत नोंदला जातो. पुढे त्या पाहुण्याकडे कार्य निघाले की यजमान ती रक्कम थोडी भर घालून परत करतो. उत्तर केरळात वडकरा परिसरातील पणंपयट्ट ही प्रथाही अशीच आहे. आपल्याकडे लग्नघरात एका कोपऱ्यात बसून एखादे काका आहेराची वही लिहितात, तिचा हेतूही हाच. कोणाकडून काय आले हे ठाऊक असले म्हणजे त्याच्या घरच्या कार्याला आपल्याला काय न्यावयाचे, हे ठरविता येते.

शंभरावरचा एक रुपया

आहेराची रक्कम पूर्ण शेकड्यात न देता तीत एक रुपया वाढविण्याचा प्रघात देशभर आहे. ५१, १०१, ५०१, ११०१ हे आकडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. शून्यावर रक्कम संपू नये, नात्यात पुढे काही शिल्लक राहावे, विषम संख्येचे दोन समान वाटे होत नाहीत म्हणून ती जोडप्याला शुभ, अशी कारणे लोक सांगतात.

या एका रुपयाची कायदेशीर जातही उरलेल्या शंभरांहून वेगळी आहे. शंभराची नोट रिझर्व्ह बँकेची असते. तिच्यावर गव्हर्नरांची स्वाक्षरी आणि धारकाला रक्कम देण्याचे वचन छापलेले असते. एक रुपयाचे नाणे आणि एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची असते. त्या नोटेवर वित्त सचिवांची स्वाक्षरी असते आणि असे वचन नसते. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई निर्माण झाली, तेव्हा चांदीच्या रुपयाला पर्याय म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची पहिली नोट काढण्यात आली. १९९४ मध्ये तिची छपाई थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजेच १०१ रुपयांच्या आहेरात शंभर रुपये रिझर्व्ह बँकेचे आणि एक रुपया भारत सरकारचा असतो.

रिझर्व्ह बँकेचे आवाहन

चलनात स्वच्छ नोटा राहाव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये स्वच्छ नोट धोरण जाहीर केले. पूर्वी बँकांतून नोटांची पुडकी स्टेपलच्या पिना मारून दिली जात. पिना उपसताना नोटांना भोके पडत आणि काही काळाने त्या तेथूनच फाटत. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना पिना मारणे बंद करून पुडक्यांना कागदी पट्ट्या लावण्याचे निर्देश दिले. आज नोटांच्या पुडक्यावर जी कागदी पट्टी दिसते, ती या निर्णयाची खूण आहे.

याच धोरणाचा भाग म्हणून रिझर्व्ह बँकेने नागरिकांनाही वेळोवेळी आवाहन केले आहे. नोटांवर लिहू नये, त्यांना पिना मारू नयेत, नोटांचे हार करू नयेत, मंडप किंवा प्रार्थनास्थळे सजविण्यासाठी त्या वापरू नयेत आणि समारंभात कोणावर नोटा उधळू नयेत, असा त्याचा आशय आहे. हे म्हणणे आवाहनाच्या स्वरूपात आहे, हे लक्षात घ्यावे. हार घातल्याने नोट बाद होत नाही. पण ती लवकर खराब होते आणि तिच्या जागी नवी छापावी लागते. २०२३-२४ या वर्षात नोटांच्या छपाईवर सुमारे ५,१०१ कोटी रुपये खर्च झाले. नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथील छापखान्यांतून बाहेर पडणारी प्रत्येक नोट सार्वजनिक खर्चातून येते.

काही देशांनी याबाबत आवाहनापुरते न थांबता शिक्षेची तरतूद केली आहे. नायजेरियात विवाहसमारंभात नाचणाऱ्यांवर नोटा उधळण्याची जुनी चाल आहे. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्यानुसार नोटा उधळणे, त्यांवर नाचणे किंवा त्या तुडविणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. जपानमध्ये मात्र सारी कलाकुसर पाकिटावर असते. तेथे लग्नाची भेट कोऱ्या नोटांच्या रूपात खास पाकिटात घालून देतात आणि पाकिटाला मिझुहिकी या रंगीत कागदी दोऱ्यांच्या सुबक गाठी बांधतात. सजावट पाकिटाची आणि नोट अस्पर्श, हा त्यामागचा विचार आपल्यालाही उपयोगी पडणारा आहे.

नोटेचे नेमके काय बिघडते?

भारतीय नोटेचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनतो. त्यामुळे तो साध्या कागदापेक्षा चिवट असतो आणि चुकून पाण्यात भिजला तरी सहसा विरघळत नाही. डिंक, फेविकॉल, चिकटपट्टी आणि पिना यांपुढे मात्र तो टिकत नाही. डिंक तंतूंत मुरतो आणि नोट सोडविताना छपाईचा थर निघून येतो. पिनेचे भोक लहान दिसते. पण नोट वारंवार दुमडली गेली की तेथूनच चीर पडू लागते.

आणखी एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. अंध व्यक्तींना नोट ओळखता यावी म्हणून तिच्यावर स्पर्शाने जाणवणाऱ्या खुणा असतात. शंभराच्या नोटेवर उंचवट्याचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा असतात. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा असतात. नोटेवर चिकटपट्टी किंवा प्लास्टिकचा थर बसला की या खुणा बोटांना नीट लागत नाहीत.

नोटेवर लिहिल्यास ती रद्द होते, अशी अफवा समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ती खरी नाही. नावे, आकडे किंवा शुभेच्छा लिहिलेली नोट कायदेशीर चलनच राहते आणि ती बँकेत भरता येते. अपवाद आहे तो राजकीय किंवा धार्मिक स्वरूपाचा संदेश देण्याच्या हेतूने मजकूर वा चित्र काढलेल्या नोटेचा. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांनुसार अशा नोटेवरील दावा नाकारला जाऊ शकतो. जाणीवपूर्वक कापलेल्या, फाडलेल्या किंवा फेरफार केलेल्या नोटेची रक्कमही मिळत नाही. कात्रीने नोटेला पाकळीचा आकार देणाऱ्या कलावंताने हा नियम विसरू नये.

हार सोडविल्यावर काय करावे?

समारंभानंतर हातात आलेल्या नोटांची प्रथम तीन गटांत विभागणी करावी : मळक्या, फाटक्या आणि एकमेकींना चिकटलेल्या.

मळक्या नोटा कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत बदलून मिळतात. त्या शाखेत खाते असण्याची आवश्यकता नाही. दोन तुकडे झालेली, परंतु दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असलेली आणि कोणताही महत्त्वाचा भाग गहाळ नसलेली नोटही याच गटात मोडते. एका व्यक्तीने दिवसाला २० पर्यंत आणि ५,००० रुपयांपर्यंतच्या नोटा आणल्यास बँकेने त्या काउंटरवरच विनाशुल्क बदलून द्यावयाच्या असतात. त्याहून अधिक नोटा असल्यास बँक पावती देऊन त्या स्वीकारू शकते आणि सेवाशुल्क आकारू शकते. पाचशेच्या ५१ नोटांचा हार म्हणजे २५,५०० रुपये होतात. तो सारा खराब झाला तर एका फेरीत काम होणार नाही, हे गृहीत धरावे.

ज्या नोटेचा एखादा भाग गहाळ झाला आहे, तिचा परतावा उरलेल्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याच्या क्षेत्रफळावर ठरतो. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत असल्यास पूर्ण मूल्य मिळते, अन्यथा काहीच नाही. ५० रुपये व त्यावरील नोटांना तीन पायऱ्या आहेत : सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भाग असल्यास पूर्ण मूल्य, ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे आणि त्याहून कमी असल्यास शून्य. पाचशेच्या सध्याच्या नोटेची लांबी १५० मिलिमीटर व रुंदी ६६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर असते. तिचा ८० चौरस सेंटिमीटरचा अखंड तुकडा असेल तर पाचशे रुपये, ४० चौरस सेंटिमीटरचा असेल तर अडीचशे रुपये पदरात पडतात. डिंकाने चिकटलेली नोट घाईने ओढण्याची किंमत एवढी असू शकते.

अगदी ठिसूळ झालेल्या, जळालेल्या किंवा सोडविता न येण्याइतक्या चिकटलेल्या नोटा साध्या शाखेत बदलून मिळत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात दावा करावा लागतो. महाराष्ट्रात अशी कार्यालये मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथे आहेत. अशा नोटा घरी वाफ देऊन किंवा भिजवून सुट्या करण्याच्या खटपटीत त्यांचे अधिक नुकसान होते. त्या आहेत तशाच न्याव्यात.

कपाटातील जुनी पाकिटे उघडताना दोन हजारांची नोट निघाल्यास घाबरण्याचे कारण नाही. १९ मे २०२३ रोजी ती व्यवहारातून मागे घेण्यात आली असली तरी तिचे कायदेशीर चलन हे स्थान कायम ठेवण्यात आले आणि ती रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयांमार्फत खात्यात जमा करण्याची सोय ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजारांच्या जुन्या नोटांना मात्र आता काहीही मूल्य नाही.

नाण्यांची भेट

नाणी फाटत नाहीत म्हणून ती भेटीस सोयीची वाटतात. त्यांनाही नियम आहेत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील मूल्याची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर देणे मानली जातात. त्याहून अधिक रकमेची नाणी स्वीकारण्याचे बंधन दुकानदारावर नाही. नाणी वितळविणे किंवा नष्ट करणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे चालू नाण्यांचे दागिने घडविण्याची कल्पना सोडून द्यावी. दहा रुपयांची नाणी वेगवेगळ्या नक्षींची असली तरी ती सारी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे.

आयकराचा हिशेब

भेटकर हा स्वतंत्र कर १ ऑक्टोबर १९९८ पासून रद्द झाला. त्यामुळे भेट करमुक्त असते, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. आज भेटीवरील कर आयकराच्या रूपाने घेणाऱ्यावर येतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रोख भेटींची बेरीज ५०,००० रुपयांहून अधिक झाली तर संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्न ठरते, केवळ वरचा भाग नव्हे.

विवाहप्रसंगी वधू-वरांना मिळालेल्या भेटींना या नियमातून सूट आहे. तेथे देणारा नातेवाईक असो वा मित्र, रकमेला या नियमाची मर्यादा नाही. मात्र ही सूट ज्याचा विवाह आहे त्यालाच मिळते. वधूपित्याच्या मित्राने वधूपित्याला दिलेली रक्कम तीत बसत नाही. वाढदिवस, मुंज, बारसे किंवा लग्नाचा वाढदिवस या प्रसंगांनाही ही सूट नाही.

नातेवाईक कोण, याची व्याख्या कायद्यात आहे आणि ती आपल्या गोतावळ्यापेक्षा अरुंद आहे. पती-पत्नी, स्वतःची व जोडीदाराची भावंडे, आई-वडिलांची भावंडे, थेट वरच्या व खालच्या पिढ्या आणि या सर्वांचे जोडीदार एवढीच मंडळी तीत येतात. चुलत, मावस, आते व मामे भावंडे येत नाहीत. यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. मामाने भाच्याला एक लाख रुपये दिले तर भाच्याला कर नाही, कारण मामा हा आईचा भाऊ. तीच रक्कम भाच्याने मामाला दिली तर व्याख्येत बहिणीचा मुलगा नसल्याने मामाच्या उत्पन्नात ती धरली जाते.

दुसरी मर्यादा रोखीची आहे. १ एप्रिल २०१७ पासून कोणालाही एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून अधिक रुपये रोखीने घेता येत नाहीत. विवाहातील भेटीही याला अपवाद नाहीत. हळदीला दीड लाख आणि स्वागतसमारंभात एक लाख, असे एकाच व्यक्तीकडून घेतले तरी प्रसंग एकच मानला जाऊ शकतो. नियम मोडल्यास घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत स्वीकारणे आणि आहेराची वही जपून ठेवणे, हे दोन्ही दृष्टींनी सुरक्षित होय. पूर्वी व्यवहाराची आठवण म्हणून लिहिली जाणारी ही वही आज पुराव्याच्या कामी येते.

हौस पुरी करण्याचे निर्धोक मार्ग

नोटेला इजा न करता कल्पकता दाखविणे कठीण नाही. पारदर्शक कागदाचे किंवा प्लास्टिकचे कप्पे करून त्यात नोटा सरकवाव्यात आणि हार, पंखा किंवा पुस्तक त्या कप्प्यांचे करावे. प्रचलित नोटांपैकी ५० ते ५०० रुपयांच्या नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर, तर १० व २० रुपयांच्या नोटांची ६३ मिलिमीटर आहे. म्हणून ७० मिलिमीटर रुंदीच्या कप्प्यात यांपैकी कोणतीही नोट बसते. पुष्पगुच्छासाठी नोट सैल गुंडाळून तिला रेशमी दोरा किंवा कागदी पट्टी बांधावी. पाकळ्या रंगीत कागदाच्या असाव्यात. शुभेच्छा नोटेवर न लिहिता सोबतच्या चिठ्ठीवर लिहाव्यात. रुखवतातील मोराचा पिसारा कागदी करून प्रत्येक पिसामागे नोटेचा कप्पा ठेवता येतो. नोटा घड्या घालून आकार देण्यास मनाई नाही. पण घडी जितकी बारीक तितके नोटेचे आयुष्य कमी.

सजावटीसाठी नोटांच्या रंगीत प्रती काढण्याचा मोह टाळावा. खऱ्या नोटेशी फसवे साम्य असलेला कागद छापणे भारतीय न्याय संहितेनुसार दंडनीय आहे. लग्नसराईत कोऱ्या नोटांची पुडकी छापील मूल्यापेक्षा अधिक पैसे घेऊन विकणारेही भेटतात. अशा विक्रेत्याला जादा पैसे देण्याऐवजी आपल्या बँकेत वेळेवर विचारणा करावी; कोऱ्या न मिळाल्यास स्वच्छ, धड नोटाही तितक्याच शुभ असतात.

लहान मुलांच्या बाबतीत रोखीपेक्षा टिकाऊ पर्यायांचाही विचार करता येतो. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे पालकांना टपाल कार्यालयात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खाते उघडता येते; वर्षाला किमान २५० रुपये त्यात भरावे लागतात. बारशाला आलेली पाकिटे त्या खात्यात जमा झाली, तर भेटीचा लाभ मुलीला तिच्या शिक्षणाच्या वयात होतो.

आहेर हा देणाऱ्याच्या सद्भावनेचा आणि घेणाऱ्याच्या गरजेचा मेळ असतो. नव्या संसाराला पहिल्या महिन्यात लागणाऱ्या भांड्याकुंड्यांचा खर्च त्या पाकिटांतून भागतो, हे अनेक घरांतील वास्तव आहे. ती रक्कम फाटक्या नोटांच्या रूपाने बँकेच्या रांगेत अडकू नये. सजावट पाकिटावर व्हावी, नोंद वहीत व्हावी आणि नोट जशी मिळाली तशी पुढच्या हाती जावी, एवढे पथ्य पाळले तरी हौसेला बाध येत नाही.